दुसऱ्याचा श्वास

हे मनन डोळे मिटून करायचे नाही. ज्यांच्या कामाचे मनन करायचे आहे त्यांना डोळे मिटण्याची मुभा नसते, म्हणून आपणही ती घेऊ नये. ओसरीवर, खुर्चीत, बसथांब्यावर, असाल तिथे बसा. पाठ ताठ ठेवण्याची सक्ती नाही. घाई तेवढी नको. एकेक परिच्छेद वाचून थांबलात तरी चालेल.

मनात घाटंजीहून यवतमाळला जाणारा रस्ता आणा. दिवाळी होऊन गेली आहे, वेचणीचे दिवस आहेत. वावरांत कापूस फुटला आहे, धुऱ्यावर वेचणाऱ्या बायांच्या शिदोऱ्या ठेवल्या आहेत. जिनिंगकडे निघालेले मेटॅडोर रस्त्यावर आहेत, दोन्ही अंगांनी गाठोडी बाहेर आलेली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही. एका दुचाकीवर तिघे आहेत आणि मधल्याच्या मांडीवर खताची पिशवी आहे. अंधार पडला की टिपेश्वरच्या बाजूच्या जंगलातून रोही रस्त्यावर येतात, रानडुकरे येतात. या रस्त्यावरचे एक वळण निवडा. घरातून निघताना आई ज्याच्यासाठी ‘हळू जाजो’ म्हणते ते. प्रत्येकाला असे एक वळण माहीत असतेच.

आता त्या वळणावर उभे राहा. बाहेरच्या अंगाला उभे राहू नका. वळणावर गाडी घसरली की ती वळत नाही, ज्या दिशेने चालली होती त्या दिशेने सरळ जाते, म्हणजे बाहेरच्या अंगाला. शर्यतीच्या वळणांवर राखणीला उभे राहणाऱ्यांना शिकवल्या जाणाऱ्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींपैकी ही एक. उभे कुठे राहायचे ते आधी, बाकी सगळे नंतर. येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभे राहा. पाठ कधी फिरवायची नाही, कुणी हाक मारली तरी.

तसेच उभे राहून थोडे दूरचे बघू.

ब्रिटनच्या शेजारी, आयरिश समुद्रात, आयल ऑफ मॅन नावाचे एक लहानसे बेट आहे. तिथे १९०७ पासून ‘टीटी’ नावाची मोटरसायकल शर्यत होते. ब्रिटनमध्ये शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करायला कायदा आडवा येत होता. बेटाची संसद स्वतंत्र, तिने परवानगी दिली. शर्यतीसाठी वेगळा ट्रॅक बांधलेला नाही. दूध घालायला, शाळेत जायला लोक रोज वापरतात तेच रस्ते काही तासांसाठी बंद करतात आणि त्यावर शर्यत होते. दगडी कुंपणे, विजेचे खांब, घरांची दारे, सगळे जागच्या जागी. एक फेरी ६०.७ किलोमीटरची. घाटंजी ते यवतमाळ साधारण ४० किलोमीटर, म्हणजे यवतमाळला पोचून अर्ध्या वाटेवर परत आलो की एक फेरी झाली. २०२३ साली पीटर हिकमन या स्वाराने ही फेरी ताशी सरासरी २१९ किलोमीटर वेगाने पूर्ण केली. त्या वेगाने घाटंजीहून निघालेला माणूस अकरा मिनिटांत यवतमाळला पोचेल. शंभराहून अधिक वर्षांत त्या मार्गावर अडीचशेहून जास्त स्वार मेले आहेत. ही शर्यत असावी की नसावी, यावर तिथेही वाद आहे आणि मला विचाराल तर बंद करा म्हणणाऱ्यांचे बरेचसे बरोबर आहे. पण आज आपण स्वारांकडे पाहायला आलेलो नाही. त्या साठ किलोमीटरवर वळणावळणाला उभ्या असलेल्या माणसांकडे पाहायचे आहे.

पाचशेहून अधिक माणसे लागतात. ती पगारी नाहीत. कुणी शिक्षक, कुणी सुतार, कुणी निवृत्त. बरेच जण आपली रजा टाकून समुद्र ओलांडून येतात. ती पुरेशी जमली नाहीत तर शर्यत सुरूच होत नाही, मग स्वार कितीही नामांकित असो. एका ठाण्यावरची नजर पुढच्या ठाण्याच्या नजरेला जोडलेली असावी लागते. यांना मार्शल म्हणतात. शब्द लष्करी आहे, काम मात्र राखणदाराचे.

त्यांचा दिवस कसा जातो ते मनात आणा. सकाळी रस्ता बंद होतो. मग बराच वेळ काही नाही. मग लांबून आवाज येतो, एक गाडी डोळ्यांसमोरून जाते आणि पुन्हा काही नाही. टीटीत स्वार एकदम सुटत नाहीत, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सोडतात, त्यामुळे एक गेला की दुसरा, दुसरा गेला की तिसरा. मार्शल टाळ्या वाजवत नाही, फोटो काढत नाही. कोण पुढे आहे हे त्याला बहुधा नंतर कळते. संबंध दिवसात त्याच्या वळणावर काही घडले नाही तर त्याचे काम उत्तम झाले, आणि त्याबद्दल सांगण्यासारखे त्याच्याकडे काहीच नसते.

थोडा वेळ असेच काही न घडण्याकडे पाहा. तुमच्या वळणाकडे. आधी कंटाळा येईल, येऊ द्या. मग रस्ता दिसायला लागेल. वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर ओल्या काळ्या मातीचे ढेपे टाकले आहेत. कडेला गिट्टीची बारीक चुरी साचली आहे, नेमकी जिथे दुचाकीचे चाक जाते तिथे. एका जागी तेल सांडले आहे आणि उन्हात त्यावर निळा-जांभळा रंग चमकतो आहे. त्या पानठेल्यासमोर गाड्या अर्ध्या रस्त्यावर उभ्या राहतात. आपण रोज जातो त्या रस्त्यावर हे सगळे होते. आपण जात होतो, म्हणून दिसले नाही. शर्यतीत तेलासाठी वेगळा झेंडा असतो, पिवळ्यावर लाल उभे पट्टे. तो दिसला की स्वाराने समजायचे, पुढे चाकाखालची पकड सुटणार आहे.

आपल्याकडे झेंडे नाहीत असे समजू नका. रस्त्यात ट्रक बिघडला की क्लीनर काय करतो? मागे वीस-पंचवीस पावलांवर दगड मांडतो, निंबाची नाहीतर पळसाची फांदी तोडून खोचतो. तो आपला पिवळा झेंडा आहे. न शिकवता आलेला, चांगला रिवाज. दोष एकच. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो आणि दगड रस्त्यातच राहतात. रात्री दुचाकीवाला त्यावर आपटतो. मार्शलच्या शिस्तीत झेंडा दाखवणे जितके महत्त्वाचे तितकेच कारण संपताच तो खाली घेणे महत्त्वाचे. उगाच हलत राहिलेल्या झेंड्याकडे पुढच्या फेरीत कुणी लक्ष देत नाही.

विदर्भातल्या माणसाला शर्यत नवी नाही. शंकरपट पाहत आपण मोठे झालो. मधली काही वर्षे न्यायालयाच्या बंदीत गेली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळून पुन्हा गावोगाव पट भरायला लागले आणि १८ मे २०२३ च्या निकालाने ती परवानगी कायम झाली. बैलजोडीचे नाव पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ असते, धुरकऱ्याचे असते. पण दोरीपाशी उभा राहून, घसा फोडून ‘मांगं सरा, मांगं सरा’ ओरडणारा जो माणूस असतो त्याचे नाव कुणी विचारत नाही. जोडी सुटली की सगळ्यांच्या माना जोडीकडे वळतात. त्याची एकट्याची गर्दीकडे असते. त्या माणसाला एकदा डोळ्यांसमोर आणा आणि पुढे चला.

मार्शलच्या कामाशी जुळणारे एक पद मला मात्र दुसरीकडे सापडते, वारीत. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामी समाजआरतीच्या वेळी हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला दंड उंच करतो आणि सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहिले तर समजायचे, त्या दिंडीची काही तक्रार आहे, काही हरवले आहे. चोपदार तिकडे जातो, ऐकून घेतो, मग पुढचे होते. हात उंच करून हजारांना थांबवणे आणि त्या शांततेत एका जागचा वेगळा आवाज ऐकणे, मार्शलला दोन्ही करावे लागते. चोपदाराचा दंड कुणी मोडत नाही, कारण तो आपल्यासाठी उचलला आहे हे वारकऱ्याला माहीत असते. आपल्या रस्त्यावर कुणी हात करून ‘हळू’ म्हणाले तर आपण काय करतो? बहुतेक वेळा हॉर्न वाजवतो. इथे थोडे थांबा. शेवटचा हॉर्न कधी आणि कुणावर वाजवला ते आठवा.

आता वळणावर माणूस पडला आहे.

आवाज झाला. गाडी घसरत बाहेरच्या अंगाला गेली, माणूस तिच्यामागे. आपल्या पायांना धावत सुटावेसे वाटते. ती चांगल्या माणसाची ओढ आहे आणि मार्शलला शिकवून शिकवून तीच क्षणभर आवरायला लावतात. आधी झेंडा. मागून येणाऱ्याला कळले पाहिजे. मग मागे पाहायचे. मग रस्त्यावर पाऊल. २००५ च्या टीटीत कर्क मायकल गावाजवळ रस्त्यावर उतरलेल्या एका मार्शल बाईला येणारी दुचाकी धडकली. त्या गेल्या आणि स्वारही गेला. आपल्याकडेही बातम्यांत वाचतो, अपघात पाहायला, मदतीला थांबलेल्या लोकांत भरधाव ट्रक घुसला. म्हणून तुमच्या वळणावर पहिले काम हे आहे: दोघांना दोन्ही बाजूंना पळवायचे, हातात काहीही द्यायचे, दुपट्टा, फांदी, रात्र असेल तर मोबाइलची बॅटरी. आपल्या गाडीचे चारही दिवे लुकलुकते ठेवायचे. हे होईपर्यंत पडलेल्या माणसाकडे कुणी तरी एकाने जायचे, दहांनी नाही.

त्या एकाच्या जागी तुम्ही आहात. त्याच्याजवळ गुडघे टेका.

इतर मननांत सांगतात, आपल्या श्वासाकडे लक्ष द्या. इथे दुसऱ्याच्या श्वासाकडे द्यायचे आहे. छाती हलते का, पाहा. नाकातोंडाजवळ कान न्या. घोरल्यासारखा, घुरघुर आवाज येतो का, ऐका. काहीच ऐकू येत नसेल तर ते सगळ्यात वाईट, आणि तरीही त्याचा अर्थ सगळे संपले असा लगेच करू नका.

असे का म्हणतो ते सांगायला मला एका डॉक्टरची गोष्ट सांगावी लागेल. उत्तर आयर्लंडमध्ये जॉन हाइंड्स नावाचे भूलतज्ज्ञ होते. रुग्णालयात नोकरी, आणि शर्यतीच्या दिवशी मोटरसायकलवर स्वार होऊन, औषधे आणि उपकरणे सोबत घेऊन रस्त्यावर. आयर्लंडच्या रस्त्यांवरच्या शर्यतींत स्वार एकदम सुटतात, त्यामुळे पहिल्या फेरीत गर्दी होते आणि तीच फेरी जास्त घातक. म्हणून पहिल्या फेरीत डॉक्टरांच्या दुचाकी स्वारांच्या मागोमाग जातात. शर्यतीच्या वेगाने. माणूस पडला तर डॉक्टर काही सेकंदांत त्याच्याजवळ. जगातल्या फार थोड्या डॉक्टरांना अपघातानंतरचे पहिले मिनिट स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. बाकीच्यांना रुग्ण दिसतो तो अर्ध्या तासाने, तासाने.

त्या पहिल्या मिनिटात जे दिसले त्यावर हाइंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले, तो लेख २०१६ साली छापून आला. डोक्याला जोराचा मार बसला की मेंदू काही वेळ श्वास घेण्याचा हुकूम देणे थांबवू शकतो. मेंदू कायमचा बिघडलेला असेलच असे नाही. तो सुन्न झालेला असतो. पण माणूस बेशुद्ध, उताणा, जीभ मागे गेलेली, घशाची वाट बंद, आणि श्वास थांबलेला. तेवढ्या वेळात कुणी वाट मोकळी केली, गरज पडली तर श्वास दिला, तर तो परत येऊ शकतो. कुणी केले नाही तर प्राणवायू न मिळाल्याने हृदय थांबते, आणि मग रुग्णवाहिका पोचल्यावर कागदावर लिहिले जाते की डोक्याला जबर मार लागून मृत्यू. खरे म्हणजे त्यातल्या काहींचा मृत्यू गुदमरून झालेला असतो, रस्त्याच्या कडेला, दहा जण भोवती उभे असताना.

ही गोष्ट मला आमच्या भागासाठी साठ किलोमीटरच्या त्या शर्यतीपेक्षा जास्त मोलाची वाटते. तेव्हा जरा सावकाश वाचा.

हेल्मेट असेल आणि श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट काढायची घाई करू नका, समोरची काच वर करा, मान हलू देऊ नका. श्वास नसेल किंवा अडकत असेल तर श्वास आधी, मानेची काळजी घेत, पण श्वास आधी. अशा वेळी हेल्मेट काढावेच लागले तर दोघांनी काढायचे, एकाने खालून मान आणि डोके दोन्ही हातांनी धरून ठेवायचे, दुसऱ्याने हळूहळू ओढायचे. मग त्याच्या डोक्याशी बसून, दोन्ही हातांची बोटे कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यामागे घालून जबडा पुढे उचलायचा. जबडा पुढे आला की जीभ त्याच्यासोबत पुढे येते आणि वाट मोकळी होते. तोंडात रक्त, माती, पान, खर्रा असेल आणि ते दिसत असेल तर काढा. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात काढू नका. कपाळावरची जखम फार वाहते, तिला पाहून घाबरू नका. शांत पडलेला माणूस ओरडणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात असतो. हे वाचून माणूस तरबेज होत नाही, हाताने शिकावे लागते, पण वाचलेले वेळेला आठवते.

आणि पाणी पाजू नका. आमच्याकडे पडलेला माणूस दिसला की पहिली आरोळी ‘पाणी आणा’ अशीच उठते. त्यामागे माया आहे, पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेले पाणी पोटात जात नाही, श्वासनळीत जाते. पाणी आणणाऱ्याला थांबवणे अवघड असते, कारण त्याला वाटते तो काही तरी करतो आहे. त्याला दुसरे काम द्या. वाहतूक थांबवायला पाठवा.

पुढे चलायच्या आधी थोडी आकडेवारी, मनन बिघडले तरी. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची होती. शर्यत शंभर वर्षांत अडीचशे बळी घेते म्हणून आपण तिला वेडेपणा म्हणतो. आपल्या रस्त्यांना मात्र काही नाव ठेवत नाही.

त्या बेटावर १९३५ पासून मोटरसायकलवर फिरणारे मार्शल आहेत, जे कोणत्याही वळणावर झटकन पोचतात. १९६३ पासून हेलिकॉप्टर आहे. त्या वर्षी पडलेला टोनी गॉडफ्री हा त्यातून रुग्णालयात नेलेला पहिला स्वार, आणि तो वाचला. घाटंजीच्या वळणावर काय आहे? काहीच नाही असे म्हणणे सोपे आहे आणि चूक आहे. २०१४ पासून राज्यात १०८ ची सेवा आहे, ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झालेली, आणि महाराष्ट्राच्या गाडीत डॉक्टर असतो. घाटंजीला ग्रामीण रुग्णालय आहे. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून जखमी तिथेच येतात. मुंबईत २०१७ च्या ऑगस्टमध्ये मोटरसायकलवरचे डॉक्टर रस्त्यावर उतरले, वाहतुकीच्या कोंडीतून वाट काढायला. पुढे मेळघाटातही अशा दुचाकी गेल्या, तिथे अडचण कोंडीची नव्हती, रस्ताच नव्हता. हाइंड्सच्या गाडीची ही आपल्याकडची भावंडे.

फक्त १०८ ची गाडी पोचायला वेळ लागतो. ती कुठून निघते, रस्ता कसा आहे, फोन करणाऱ्याने जागा नीट सांगितली की नाही, यावर तो ठरतो. त्या वेळात वळणावर जो कुणी आहे तोच मार्शल आणि तोच डॉक्टर. पंक्चरवाला, पानठेल्यावरचे पोरगे, धुऱ्यावरून धावत आलेली वेचणीची बाई, एसटीचा कंडक्टर. बेटावरच्या माणसांत आणि यांत हिमतीचा फरक मला दिसत नाही. फरक एवढाच की ते तिथे उभे राहायचे असे आदल्या दिवशी ठरवून आलेले असतात, शिकून आलेले असतात, आणि कोण काय करणार हे आधीच वाटून घेतलेले असते. यांच्यावर ते अचानक येऊन पडते.

या अचानकपणात एक भीतीही मिसळलेली असते, तिला टाळून जाता येत नाही. ‘पोलिसांचं लचांड लागते’, ‘कोर्टात चकरा माराव्या लागतात’, ‘तूच ठोकलं असशील म्हणतील’. ही भीती खोटी नव्हती, लोकांनी भोगलेली होती. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे देशभर बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आले, २०२० मध्ये नियम आले. आज कायदा असा आहे: सद्भावनेने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही बरेवाईट झाले तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव, पत्ता, फोन सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत. साक्ष द्यायची की नाही ही त्याची मर्जी. त्याने स्वखुशीने साक्ष द्यायचे ठरवले तर त्याच्या सोयीच्या वेळी आणि जागी जबाब घ्यायचा, आणि पोलीस घरी आले तर गणवेश न घालता यायचे. हे हक्क लिहिलेला फलक रुग्णालयाच्या दर्शनी भागात, स्थानिक भाषेतही, लावायचा असतो. जखमीला तातडीने पोचवणाऱ्यासाठी सरकारचे बक्षीसही आहे, २०२५ मध्ये ते ५ हजारांवरून २५ हजार केले. बक्षिसाला माझी हरकत नाही, पण २५ हजारांपेक्षा तो फलक जास्त माणसे वाचवेल असे मला वाटते. पुढच्या वेळी ज्या रुग्णालयात जाल तिथे तो शोधा. नसेल तर विचारा.

अजून एक माणूस वळणावर असतो, त्याच्याकडेही पाहायला हवे. तो मोबाइल वर धरून उभा आहे. त्याला शिव्या देणे सोपे आहे, मी दिल्याही असत्या. पण नीट पाहिले तर त्याचे हात रिकामे आहेत आणि त्याला काय करायचे ते कुणी सांगितलेले नाही. शर्यतीत मार्शलांचा एक प्रमुख असतो, तो नावाने हाक मारून काम देतो. ‘तू, निळ्या शर्टवाल्या, १०८ लाव.’ असे बोट दाखवून सांगितले की दहातले नऊ जण ऐकतात. ‘कुणीतरी फोन करा’ म्हटले की कुणीच करत नाही.

सगळे केले आणि तरी माणूस गेला, असेही होते. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळुरूचा १३ वर्षांचा मुलगा पडला. रुग्णवाहिका ट्रॅकवरच होती, शर्यत लगेच थांबवली गेली, त्याला रुग्णालयात नेले. तो वाचला नाही. एवढ्या लहान मुलाला त्या वेगावर बसवावे का, हा प्रश्न मोठ्यांनी स्वतःला विचारायचा आहे, मार्शलांना नाही. आणि ३ जुलै २०१५ ला डब्लिनजवळच्या स्केरीझ इथे सरावाच्या वेळी, स्वारांच्या मागे दुचाकीवर असताना, जॉन हाइंड्स स्वतः पडले. दुसऱ्या दिवशी गेले. पस्तीस वर्षांचे होते. उत्तर आयर्लंडला तेव्हा हेलिकॉप्टरची रुग्णवाहिका नव्हती आणि ती मिळावी म्हणून ते सरकारकडे भांडत होते. त्यांच्या मागे लोकांनी ती मागणी धरून ठेवली. जुलै २०१७ मध्ये पहिले हेलिकॉप्टर उडाले.

इथे पुन्हा थांबा. ज्याला तुम्ही रस्त्यावर हात दिला आणि जो गेला, असा कुणी असेल तर त्याला आठवा. मार्शल अशा दिवशी एकटे घरी जात नाहीत, आधी एकत्र बसतात, काय झाले ते एकमेकांना सांगतात. आपल्याकडे मदत करणारा रक्ताचा शर्ट नळावर धुतो आणि कामाला लागतो. घरच्यांनाही सांगत नाही. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल तर त्याला चहाला बोलवा आणि त्या दिवसाचे विचारा.

आणि घरातल्या पोरांनाही विचारा. बायपासवर, हायवेवर रात्री दुचाकींच्या शर्यती लागतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ त्यासाठीच आहे, पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. कायद्याचे सोडा. त्या शर्यतीला वळणावर कुणी उभे नसते. ज्या पोराला वेगाचे खरेच वेड आहे त्याला आधी एकदा मार्शल करा, म्हणजे एखाद्या पटात दोरी धरायला उभे करा. एका दिवसात त्याला बरेच कळेल.

आता उठायला हरकत नाही. एक विनंती आहे. घाटंजी, पारवा, शिवणी, कुठलेही गाव असो, आपल्या वाट्याचे एक वळण ठरवा आणि त्या वळणाजवळच्या चार-पाच जणांना, पानठेलेवाला, पंक्चरवाला, शेजारच्या वावराचा धनी, एका संध्याकाळी एकत्र बसवा. ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा १०८ वरच्या डॉक्टरांना तासभर बोलवा, जबडा कसा उचलायचा ते हाताने करून घ्या. कोण वाहतूक थांबवणार, कोण फोन लावणार, कोण श्वास पाहणार, ते वाटून घ्या. फोन लावणाऱ्याने आधी गाव सांगायचे, मग कुठून कुठे जाणारा रस्ता, मग जवळची ठळक खूण, मंदिर, नाला, पेट्रोल पंप, आणि समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. १०८ ला पैसे पडत नाहीत.

आणि तिथे बिघडलेल्या ट्रकमागचे जुने दगड पडले असतील, तर ते आजच उचला.